गरोदरपणात अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत : जायचं की थांबायचं?

"सर, मुंबईची तारीख आली, पण पोरीला पाचवा महिना सरत आलाय. न्यायचं की थांबायचं?"

शिरूरहून आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या अब्बूंचा फोन होता. मुलगी दौंडला दिलेली. नवरा अमेरिकेत ग्रीन कार्डवर. निकाह झाल्यावर त्याने बायकोचा अर्ज भरला आणि मग सुरू झाली वाट बघणं. तो मधे एकदा सुट्टीवर येऊन गेला, अल्लाहने आनंदाची बातमी दिली, आणि नेमकं त्याच वेळी मुलाखतीचं पत्र आलं. घरात तीन मतं. अम्मी म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. सासू म्हणाल्या, तारीख सोडली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. कोणीतरी मशिदीबाहेर सांगितलं की गरोदर बाईला अमेरिकेचा व्हिसा देतच नाहीत.

आमच्याकडे फोन यायचं कारण एवढंच की अशा दोन-तीन घरांचे कागद आम्ही याआधी भरून दिले होते. आम्ही वकील नाही. पण तेव्हा जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं ते इथे मांडतो, कारण हाच प्रश्न आणखी घरांत येणार आहे.

आधी ती मशिदीबाहेरची गोष्ट. तिच्या मुळाशी एक खरा नियम आहे, पण तो वेगळ्या व्हिसाचा. 24 जानेवारी 2020 पासून अमेरिकेने फिरायला जाणाऱ्यांच्या, म्हणजे व्हिजिटर व्हिसाच्या बाबतीत असं ठरवलं की केवळ तिथे बाळंत होऊन मुलाला नागरिकत्व मिळवायचं हाच मुख्य हेतू असेल तर व्हिसा द्यायचा नाही. नवऱ्याकडे कायमचं राहायला जाणाऱ्या बायकोचा इमिग्रंट व्हिसा निराळा. तिथे गरोदर असणं हे नकाराचं कारण नाही. तेव्हा सैल बुरखा घालून पोट लपवायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला सलाम करून निघून यावं. एक एजंट तर 'फॉर्मवर काही लिहूच नका' म्हणत होता. व्हिसासाठी खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर त्या माणसाला कायमची बंदी लागू शकते. आणि लपवायचं तरी कोणापासून? मुलाखतीच्या आधी मेडिकल असतं, तिथे डॉक्टरांना कळणारच.

खरा पेच या मेडिकलचाच आहे. ही तपासणी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे चालत नाही. अमेरिकी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला टीबी तपासण्यासाठी छातीचा एक्स-रे लागतो, आणि गरोदर बाईला त्यातून सूट नाही. तिच्यापुढे दोनच वाटा असतात. एक, लेखी संमती देऊन, पोटाभोवती शिशाचं जाड आवरण गुंडाळून एक्स-रे काढायचा. दुसरी, बाळंतपणानंतर काढायचा. दुसरी वाट धरली तर मेडिकल अपुरं राहतं, आणि मेडिकल अपुरं तोवर व्हिसा नाही.

छातीच्या एका एक्स-रेमध्ये पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारा मारा अत्यंत कमी असतो असं डॉक्टर सांगतात. तरी हा निर्णय सासू, जाऊ किंवा आमच्यासारख्या मास्तरांचा नव्हे. मुलगी जिच्याकडे दर महिन्याला दाखवते त्या डॉक्टरबाईंना विचारा, आणि मुलीलाही विचारा. आमच्या विद्यार्थिनीने स्वतः जाऊन विचारलं, सरकारी दवाखान्यातलं माता-बाल कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट दाखवले, आणि मग ठरवलं की आवरण बांधून एक्स-रे काढायचा. तिच्या छातीवर काही डाग नव्हता म्हणून बरं. एक्स-रेमध्ये शंका आली की थुंकीची तपासणी लावतात आणि तिच्या कल्चरला आठ आठवडे लागतात. घरात कोणाला पूर्वी टीबी झालेला असेल तर जुने कागद शोधून बरोबर ठेवा.

लसींबद्दल काळजी नको. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूच्या असतात, त्या गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टर फॉर्मवर तसं नोंदवतात आणि त्यामुळे व्हिसा अडत नाही. बाकी लसी मिळालेल्या असतील तर कार्ड घेऊन जा. ज्यांची केस चालू आहे पण अजून दिवस गेलेले नाहीत, त्यांनी या दोन लसी आताच घेतल्या तर उत्तम. मात्र घेतल्यावर एक महिना तरी दिवस राहू देऊ नयेत.

आता ज्या गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नसतं ती. बाळ व्हिसा मिळण्याच्या आधी जन्मलं की नंतर, यावर सगळं फिरतं.

मेडिकल साधारण सहा महिने चालतं आणि व्हिसाची मुदतही त्यावरच बेतलेली असते. त्या मुदतीच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवायचं असतं. आईला व्हिसा मिळाल्यानंतर बाळ जन्मलं, तर त्या बाळाला वेगळा व्हिसा लागत नाही. आईच्या व्हिसाची मुदत संपायच्या आत ते आईबरोबर जाऊ शकतं. त्याचा स्वतःचा पासपोर्ट आणि आईचं नाव असलेला जन्मदाखला मात्र हवा. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाला हा नियम ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला लेखी कळवून उत्तर हातात ठेवावं.

उलट, बाळ व्हिसाच्या आधी जन्मलं तर त्याचा स्वतःचा व्हिसा काढावा लागतो. इथे नवरा कोण आहे हे महत्त्वाचं. तो ग्रीन कार्डवाला असेल तर बाळाला आईच्याच केसमध्ये जोडता येतं. बाळाचा वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळं मेडिकल, पण केस तीच. नवरा अमेरिकी नागरिक असेल तर बायकोच्या केसमध्ये मूल जोडता येतच नाही. त्याला आधी हे पाहावं लागतं की बाळ जन्मतःच अमेरिकी नागरिक आहे का. निकाहातल्या जोडप्यापैकी एकच जण नागरिक असेल, तर बाळ जन्मण्यापूर्वी त्याचं अमेरिकेत प्रत्यक्ष राहणं एकूण पाच वर्षं झालेलं हवं, आणि त्यातली दोन वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. नागरिक होण्याआधीचे, नोकरीच्या व्हिसावरचे दिवसही यात धरतात. हे जमत असेल तर वकिलातीत बाळाची नागरिक म्हणून नोंद करून अमेरिकी पासपोर्टच काढायचा, मग वरचा 'व्हिसा नको'वाला नियम बघायची गरजच नाही. जमत नसेल तर बाळासाठी नवा अर्ज, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून ग्रीन कार्डवाला जावई मधेच नागरिकत्वाची शपथ घेणार असेल, तर त्याने ती तारीख घरी सांगावी आणि केसच्या ऑफिसला कळवावी. आनंदाची बातमी खरीच, पण केसचा प्रकार बदलतो आणि बाळाच्या कागदांची वाटही बदलते.

कागदांबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार, कारण यातला अर्धा गोंधळ शाळेतूनच सुरू होतो. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात आणि प्रत्येक क्लार्क आपल्या मनाने लिहितो. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधून इंग्रजीत नाव उतरवताना आमच्याच लोकांनी केलेल्या चुका आम्ही पाहिल्या आहेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे आडनाव नसलेला पासपोर्ट. आपल्याकडे कित्येक मुलींच्या पासपोर्टवर नुसतं एकच नाव असतं. अमेरिकेच्या व्हिसावर मग आडनावाच्या जागी ते नाव येतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. पुढे लायसन्स, बँक, दवाखाना, सगळीकडे बाईचं नाव एफएनयू. हे मुलाखतीच्या कित्येक महिने आधी पासपोर्टमध्ये दुरुस्त करून घ्यायचं काम आहे, सातव्या महिन्यात पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत उभं राहायचं नव्हे.

निकाहनामा जपून ठेवाच, त्याचं इंग्रजी भाषांतरही करून घ्या, पण त्यावर थांबू नका. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याखाली विवाहनोंदणी होते, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत. तो दाखला काढलेला असला की प्रश्नच उरत नाहीत. याशिवाय पासपोर्ट ऑफिसचा पोलीस क्लिअरन्स, जन्मदाखला, आणि नवऱ्याने भरलेलं उत्पन्नाचं हमीपत्र. हमीपत्रातली उत्पन्नाची मर्यादा घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरते. बाळ जन्मलं की संख्या एकने वाढते. नवऱ्याचा पगार काठावर असेल तर त्याने आधीच हिशेब करावा.

बाळंतपणाचा खर्च कोण करणार, असं अधिकारी विचारू शकतो. नवऱ्याने कंपनीच्या विम्यात बायकोचं नाव घालता येईल असं पत्र पाठवलं तर चांगलं. 2014 पासून अमेरिकेतल्या आरोग्य विम्यात गरोदरपणाच्या कारणावरून नाव नाकारता येत नाही, पण कंपनीच्या विम्यात नाव घालायची मुदत थोडी असते, बहुधा तीस दिवस. उतरल्या उतरल्या हे काम करायचं.

मुंबईचा दिवस. वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखतीच्या आधी ठशांसाठी व्हिसा केंद्रात वेगळी फेरी होते, म्हणजे मेडिकल धरून तीन कामं. गरोदर बाईला तीनदा ये-जा करायला लावू नका. दौंडहून थेट गाड्या आहेत, दादरला उतरता येतं. शिरूरला रेल्वे नाही, पुण्यापर्यंत नगर रस्त्याने जायचं, आणि तो रस्ता कसा असतो हे शिरूरकरांना सांगायला नको. आमच्या मुलीने कुर्ल्याला खालांकडे आठ दिवस मुक्काम केला. हे सगळ्यात शहाणपणाचं. ठशांच्या आधी बोटांच्या टोकांना मेंदी नको, सतवासा असेल तर तो नंतर करा. फोटोत डोक्यावर ओढणी चालते, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, चष्मा चालत नाही. वकिलातीत मोबाइल आणि मोठी पिशवी नेता येत नाही, म्हणून बाहेर कोण, कुठे थांबणार ते आधी ठरवा. उभं राहवत नसेल तर गेटवरच सांगा, लाजायचं काय त्यात.

आत तिला काय विचारलं? निकाह कधी झाला, कोण कोण आलं होतं, नवरा काय काम करतो, शेवटचा कधी आला होता, बाळ कधीचं आहे. तिने मराठी-हिंदी मिसळून उत्तरं दिली. पाच-सात मिनिटांत आटोपलं. एखादा कागद कमी पडला किंवा एक्स-रे राहिला असेल तर 221(जी) कलमाची चिठ्ठी देतात. तिच्यावर 'नाकारलं' असा शब्द पाहून घरात रडारड होते. तो शेवटचा नकार नव्हे. राहिलेलं काम पूर्ण करायला एक वर्ष मिळतं. वर्षभर काहीच केलं नाही तर मात्र केस बंद पडू शकते. ज्यांना बाळंतपणापर्यंत थांबायचंय त्यांनीही गप्प बसू नये. तारीख पुढे घ्या, कळवत राहा, पोच जपून ठेवा.

व्हिसा हातात आला तेव्हा आमच्या मुलीला सहावा महिना होता. आमचं मत होतं की तिने लगेच निघावं. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसच्या आसपास बसूच देत नाहीत. पण अम्मींपुढे आमचं काय चालणार. बाळंतपण शिरूरलाच झालं. मग पळापळ. मेडिकलपासून सहा महिने मोजले तर बाळ जन्मल्यावर जेमतेम दहा आठवडे उरत होते, आणि त्यातले चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही.

यात एक गोष्ट नीट झाली. बाळाचं नाव अकीक्याची वाट न बघता तिसऱ्या दिवशीच ठरवलं, आडनावासकट, आणि दवाखान्याच्या कागदावर आईच्या पासपोर्टमधलंच स्पेलिंग दिलं. जन्माची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. नाव नंतरही घालता येतं, पण नाव नसलेल्या दाखल्यावर पासपोर्ट काढायला बसलं की फेऱ्या वाढतात. बाळाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांची संमती लागते. वडील परदेशात असतील तर त्यांचं संमतीपत्र कोणत्या नमुन्यात हवं ते बाळ जन्मायच्या आधीच पासपोर्ट ऑफिसला विचारून ठेवा. इथे ते पत्र चुकीच्या नमुन्यात आलं आणि बारा दिवस गेले.

माय-लेक विमानात बसली तेव्हा व्हिसाचे नऊ दिवस शिल्लक होते. काउंटरवर अडवलंच, "बाळाचा व्हिसा कुठे?" तिने कंपनीचं लेखी उत्तर, जन्मदाखला आणि स्वतःचा व्हिसा समोर ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं फोनाफोनी झाली आणि बोर्डिंग पास मिळाले, दोन.