तलावातला साल्मन आणि चमच्याचा रंग

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या काठी राहणाऱ्या हौशी मच्छीमारांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. साल्मन मासा कोणत्या रंगाच्या आमिषाला फसतो? एक म्हणतो हिरवा, दुसरा म्हणतो चंदेरी-निळा, तर तिसरा नारिंगी चमच्याशिवाय होडी पाण्यात घालीत नाही. दुकानांत एकाच आकाराचे चमचे नाना रंगांत टांगलेले असतात आणि प्रत्येक रंगाचा कोणीतरी भक्त असतोच. आपल्या बेटावरील अनेक घरांतील मुले आता टोरांटो-माँट्रियलला स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी काहींना हा नाद लागला आहे. आमच्या बहिणीचा मुलगा त्यांतलाच. "मावशी, तू शाळेत विज्ञान शिकवतेस, मग सांग, कोणता रंग घेऊ?" असे त्याने विचारले. रंग सांगणे सोपे होते, पण त्याचा पैसा वाचला नसता. म्हणून रंगाची परीक्षा कशी घ्यावी तेच लिहून कळविले. त्याच पत्राचा विस्तार येथे करीत आहे.

प्रथम माशाविषयी. मुंबईकडे रावसाला इंग्रजीत इंडियन साल्मन म्हणतात, पण तो अगदी निराळ्या कुळातला. आपण फ्रेंचमध्ये ज्याला सोमों म्हणतो तो हा मासा, आणि त्यातही हा पॅसिफिक महासागराचा. महासरोवरांत तो माणसाने आणून सोडला. झाले असे की, अटलांटिककडचा एलवाइफ नावाचा हेरिंगच्या जातीचा छोटा चंदेरी मासा कालव्यांतून सरोवरांत शिरला आणि त्याला खाणारा मोठा मासा उरला नव्हता, कारण तेथला मूळचा ट्राउट बेसुमार मासेमारीने आणि लॅम्प्री नावाच्या रक्तशोषक प्राण्याने जवळजवळ संपविला होता. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागातील हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी यांनी १९६६ साली कोहो आणि १९६७ साली चिनूक जातीचा साल्मन सोडला. त्याच १९६७ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले होते, यावरून त्यांची संख्या किती माजली होती ते कळते. साल्मन या माशावर पोसला आणि इतका अवलंबून राहिला की, पुढे २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉन सरोवरात एलवाइफ नाहीसे होताच तेथला चिनूकही ढासळला. तेव्हा चमच्यांत चंदेरी रंग का चालतो, याचे निम्मे उत्तर माशाच्या पोटातच आहे.

हा चमचा म्हणजे पातळ धातूची लांबट वाटोळी पट्टी. मागे गरी असते. होडी तासाला चारएक किलोमीटरच्या संथ गतीने चालते आणि चमचा मागे लडबडत, चमकत येतो. आपल्या काळ्या नदीच्या किनाऱ्यावरून मार्लिनसाठी निघणाऱ्या होड्या आमिष पाण्याच्या वरच्या थरात आणि याहून कितीतरी वेगाने ओढतात. साल्मनचे तसे नाही. त्याला १० ते १३ अंश सेल्सिअसचे गार पाणी लागते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो वीस-तीस मीटर खाली जातो. तेथे चमचा पोचविण्यासाठी तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधून सोडतात. गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवलेली असते आणि मासा लागला की चिमटा सुटतो.

आणि येथेच रंगाचा घोटाळा सुरू होतो. दुकानातल्या दिव्याखाली लालभडक दिसणारा चमचा पंचवीस मीटरवर लाल नसतोच. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग सर्वांत आधी गिळते. नितळ पाण्यातही दहा मीटरच्या आसपास तो जवळजवळ संपतो. त्यामागून नारिंगी जातो. आपल्या समुद्रात निळा प्रकाश सर्वांत खोल पोचतो. सरोवरात शेवाळ असते, कुजलेल्या पाल्याचा अंश विरघळलेला असतो, त्यामुळे तेथे हिरव्याची सरशी होते. खरे पाहावयाचे असेल तर घरी हिरवा सेलोफेन कागद डोळ्यांवर धरून मुलांच्या रंगपेन्सिली पाहा. लाल पेन्सिल काळपट दिसेल. वर्गात हा प्रयोग केला की मुले कागद काढून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतात. १९८९ साली महासरोवरांत प्रथम आढळलेल्या क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून पूर्वीपेक्षा पुष्कळ नितळ केले आहे, म्हणून वडिलांच्या काळात चाललेला रंग त्याच खोलीवर मुलालाही चालेल असे नाही.

यातून दोन पळवाटा आहेत. फ्लुओरेसंट रंग निळा-हिरवा प्रकाश घेऊन आपला नारिंगी किंवा पिवळा परत फेकतो, त्यामुळे तो खोलवरही आपल्या रंगाचा राहतो. दुसरा फॉस्फोरेसंट, म्हणजे विजेरीचा झोत दाखवला की काही वेळ अंधारात स्वतःच उजळणारा. पहाटे आणि सायंकाळनंतर हाच वापरतात. त्या वेळी माशालाही रंग फारसा कळत नाही. माशाच्या डोळ्याची बाहुली आपल्यासारखी लहानमोठी होत नाही. प्रकाश बदलला की डोळ्याच्या पडद्यातील पेशीच मागेपुढे सरकतात आणि त्याला बराच वेळ लागतो. अंधुक उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, उरतो तो उजळ-काळोखाचा फरक. खालून वर पाहणाऱ्या माशाला फिकट पाण्यावर काळा चमचाही ठळक दिसू शकतो.

एवढे कळल्यावरही प्रश्न उरतोच की आज, या पाण्यात, कोणता? आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात पहिला धडा असतो की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. होडीवर हे फार कठीण. बहुतेक लोक रंग बदलताना खोलीही बदलतात, गतीही बदलते, आणि यश मात्र रंगाच्या नावावर लिहितात. म्हणून एकाच बनावटीचे, एकाच मापाचे दोन चमचे घ्यावेत. रंग तेवढा वेगळा. दोन्ही एकाच खोलीवर, गोळ्यापासून सारख्याच अंतरावर सोडावेत आणि तासाभराने डावीकडचा उजवीकडे न्यावा. होडी वळते तेव्हा बाहेरचा चमचा जलद होतो, आतला मंदावतो. वळणावर लागलेला मासा बहुधा गतीचा असतो, रंगाचा नव्हे. त्याची वहीत वेगळी खूण करावी. पाण्याच्या ओढीने गोळा मागे झुकतो, म्हणून यंत्रावरचा खोलीचा आकडा खऱ्या खोलीपेक्षा जास्त दिसतो हेही ध्यानात ठेवावे.

वहीत मासे तर सगळेच लिहितात. पाण्यात घालवलेले तास कोणी लिहीत नाही. समजा, हिरव्याने ९ मासे दिले आणि जांभळ्याने ३. हिरवा जिंकला? पण हिरवा ३० तास पाण्यात होता आणि जांभळा ६ तास. आता भागाकार करा! आवडता चमचा सर्वांत जास्त मासे पकडतो, कारण तोच सर्वांत जास्त वेळ पाण्यात असतो. आमच्या मते निम्मी रंगभक्ती एवढ्यातच आहे.

उरलेली निम्मी योगायोगाची. दोन्ही रंग अगदी सारखेच असले तरी पहिले पाचही मासे एकाच रंगाला लागण्याचा संभव १६ त १ असतो. नाणे उडवून मुलांना दाखवता येते. बंदरातून तीसएक होड्या गेल्या आणि प्रत्येकीने असे पाच मासे आणले, तर दोघांना तरी "आज फक्त हिरवा!" असे ओरडण्याचे कारण सापडेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बंदर हिरवा चमचा बांधून निघेल. भाच्याला म्हणूनच सांगितले की दोनच रंग निवड, एक चंदेरी-निळा आणि एक फ्लुओरेसंट हिरवा, शिवाय अंधारासाठी एक उजळणारा. चाळीस चमच्यांचा डबा बाळगणाऱ्याला कोणत्याच रंगाचे पुरेसे तास मिळत नाहीत. त्याला हे पटले असे नाही. डबा भरलेलाच आहे, पण वहीत तासांचा रकाना आला आहे.

ही वही ऑगस्टअखेर मात्र बंद करून नवी सुरू करावी लागते. तेव्हा वाढ पुरी झालेला चिनूक अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखाशी जमतो, त्याचा चंदेरी रंग काळवंडतो आणि तो खाणे सोडतो. अंडी घातल्यावर तो मरतोच. तो आता चमच्यावर झडप घालतो ती भुकेने नव्हे. चिडून, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. एलवाइफसारखा दिसणारा चमचा जुलैत चालला म्हणून येथे चालेलच असे नाही, आणि पाणीही उथळ असल्याने तीस मीटरवर मेलेला तांबडा रंग येथे पुन्हा तांबडा दिसू लागतो.