तुरीचा भाव उतरतो तेव्हा रोख्याचा का चढतो?
लेखमाला ‘गाठीचा पैसा’ : भाग सातवा

सरकारी रोखा म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज. दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज मिळतं आणि मुदत संपली की मुद्दल परत येतं. एवढं मागच्या भागात पाहिलं. आज त्यातला अवघड भाग घेऊ : महागाई आणि व्याजदर वरखाली होतात तेव्हा या रोख्याचं काय होतं, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या घराने त्यातून काय ओळखावं.

महागाईवर लिहिणारे बहुतेक जण फक्त विकत घेणाऱ्याचा विचार करतात. डाळ महागली की त्याचं नुकसान, स्वस्त झाली की फायदा. आपल्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारं घर मात्र विकणारंही असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. २०१२ हे आधारवर्ष धरणाऱ्या मालिकेतला तो सगळ्यात कमी आकडा. त्या मालिकेत अन्नपदार्थांचा वाटा जवळपास ४६ टक्के आहे, आणि भाज्यांबरोबर डाळीही वर्षभरापूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त झाल्या होत्या. बातम्यांत ही आनंदाची गोष्ट म्हणून आली. ज्याच्या घरात तुरीची पोती पडून होती, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे कमी आलेला चुकारा होता.

हाच आकडा रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीसमोर जातो. महागाई ४ टक्के राखायची, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, अशी जबाबदारी २०१६ च्या कायदादुरुस्तीने तिच्यावर टाकलेली आहे. महागाई चढली की समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचं कर्ज देते तो, वाढवते, उतरली की कमी करते. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली होती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला गेला. २०२५ मध्ये उलटं घडलं. फेब्रुवारीत कपात सुरू झाली आणि ५ डिसेंबरला दर ५.२५ वर आला.

आता रोख्याकडे येऊ. ऑगस्ट २०२०च्या सुमारास केंद्र सरकारने २०३० साली फिटणारा एक रोखा ५.७७ टक्क्यांनी काढला. एक लाखाच्या रोख्यावर वर्षाला ५,७७० रुपये, म्हणजे दर सहामाहीला २,८८५. हा आकडा शेवटपर्यंत बदलत नाही. दोन वर्षांनी बाजारातला दर सव्वासात-साडेसातपर्यंत चढला. तेव्हा नवा रोखा लाखाला सव्वासात हजारांवर देत असताना हा जुना कोण पूर्ण किमतीत घेईल? आठ वर्षं शिल्लक आणि बाजारदर ७.४ टक्के धरून हिशेब केला, तर लाखाच्या रोख्याची किंमत साधारण ९० हजार निघते. याउलट ऑगस्ट २०२२ मध्ये ७.२६ टक्क्यांचा रोखा घेणाऱ्याला २०२५ मध्ये दर उतरल्यावर विकताना मुद्दलापेक्षा जास्त मिळालं. दर आणि किंमत ही एकाच तागडीची दोन पारडी आहेत. एक खाली गेलं की दुसरं वर येतं.

ही दोन्ही सूत्रं जोडली की शेतकरी घराच्या कामाची गोष्ट दिसते. डाळी आणि भाजीपाल्याचे भाव पडतात, त्यामागोमाग महागाई उतरते, दर उतरतात आणि हातातल्या जुन्या रोख्याची किंमत चढते. म्हणजे ज्या वर्षी बाजार समितीत तुरीला भाव नसतो, त्याच वर्षी रोखा थोडा भारी होण्याची शक्यता जास्त असते. नागपूरच्या पगारदार माणसाला हा गुण तितका उपयोगी नाही. आपल्याला आहे. शेतकऱ्याने थोडे लांब मुदतीचे रोखे का ठेवावेत, याचं हे कारण मला सगळ्यात पटतं, आणि सल्लागारांकडून ते क्वचितच ऐकू येतं.

मात्र यावर आंधळा भरवसा ठेवू नये. २०१६-१७ मध्ये तुरीचं विक्रमी पीक आलं, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. जून २०१७ मध्ये महागाई दीड टक्क्याच्या आसपास आली आणि ऑगस्टमध्ये रेपो ६ टक्क्यांवर उतरला. इथवर सूत्र बरोबर चाललं. पण २०१७ च्याच खरिपात गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यातला कापूस खाल्ला, आणि ऑगस्ट ते डिसेंबर या काळात दहा वर्षांच्या रोख्याचा बाजारदर साडेसहावरून सव्वासातच्या वर गेला. म्हणजे कापूसही गेला आणि रोख्याची किंमतही उतरली. पीकच बुडतं तेव्हा भावाचं सूत्र कामाला येत नाही. २०२५ मध्येही जूनला रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने कमी झाला, तरी त्यानंतरच्या महिन्यांत लांब मुदतीच्या रोख्यांचे बाजारदर खाली न जाता वर सरकले, कारण पुढे फारशी कपात होणार नाही असं बाजाराला वाटलं. रेपो रिझर्व्ह बँक ठरवते. दहा-तीस वर्षांचा दर मात्र घेणारे-विकणारे ठरवतात.

म्हणून पेरणीचा पैसा लांब मुदतीत अडकवू नये. त्यासाठी ट्रेझरी बिलं आहेत : ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. यांवर वेगळं व्याज नसतं. कमी पैशात घ्यायचं आणि मुदतीला पूर्ण रक्कम घ्यायची. परतावा साडेपाच टक्के असेल तर १० हजारांचं १८२ दिवसांचं बिल सुमारे ९,७३३ रुपयांना पडतं. डिसेंबरात कापसाचा चुकारा आला आणि हे बिल घेतलं, तर जूनमध्ये बियाणं-खताच्या वेळी पैसा हातात येतो. मार्चच्या सुरुवातीला तूर विकणाऱ्याला ९१ दिवसांचं बिल पुरतं. मात्र या सगळ्याआधी पीककर्ज फेडावं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की व्याज शून्य पडतं. ती सवलत गमावून रोखा घेणं म्हणजे निव्वळ तोटा.

निवृत्त शिक्षक किंवा जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांचं गणित निराळं आहे. त्यांच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे, म्हणजे महागाई चढली तर उत्पन्नही काही प्रमाणात चढतं. अशांनी ठरलेल्या व्याजाचा रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवायला हरकत नाही. मधे किंमत कितीही हलली तरी न विकणाऱ्याला मुद्दल पूर्ण मिळतं. ज्या दुकानदाराला भत्ता नाही, त्याने रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे पाहावेत. मुदत सात वर्षं. दर १ जानेवारी आणि १ जुलैला ठरतो, तो राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त. जुलै २०२३ पासून तो ८.०५ टक्के झाला, आणि २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरूनही वर्षअखेर तोच होता, कारण बचत प्रमाणपत्राचा दर सरकारने हलवला नव्हता. हे रोखे बाजारात विकता येत नाहीत. मुदतीआधी मोडण्याची सोय फक्त साठीपुढच्यांना, तीही काही वर्षं झाल्यावर आणि कपात सोसून.

मुद्दल बुडण्याची धास्ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. बँक ठेवीला विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच असतं. केंद्राच्या रोख्यामागे थेट सरकार उभं आहे, तिथे अशी मर्यादा नाही. महागाईने पैशाची किंमत घटण्याचा धोका मात्र तिथेही राहतोच. ६ टक्के व्याज आणि ७ टक्के महागाई असेल तर मुद्दल सुरक्षित राहूनही आपण मागे पडतो. शिवाय व्याज करपात्र आहे, हेही हिशेबात धरा.

घ्यायचं कुठून? नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सोय आहे. पॅन, बचत खातं, मोबाइल आणि ईमेल असलं की खातं उघडता येतं, आणि खातं उघडायला-ठेवायला शुल्क नाही. कमीत कमी १० हजारांचा रोखा घेता येतो. राज्यांच्या कर्जाचे लिलाव साधारणपणे मंगळवारी, ट्रेझरी बिलांचे बुधवारी आणि केंद्राच्या रोख्यांचे शुक्रवारी होतात. छोट्या गुंतवणूकदाराला बोली लावावी लागत नाही, मोठ्यांच्या बोलीतून निघालेल्या सरासरी भावाने रोखा मिळतो. राज्यांच्या लिलावात महाराष्ट्राचं कर्जही असतं, आणि त्यावरचा दर त्याच मुदतीच्या केंद्राच्या रोख्यापेक्षा सहसा थोडा जास्त असतो. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा : मुदतीआधी विकायला गेलं तर छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच सापडेलच असं नाही. म्हणून लग्न, विहीर, बोअर असा खर्च समोर दिसत असेल, तर तो ज्या वर्षी येणार त्याआधी फिटणाराच रोखा निवडा. खातं उघडताना वारसाचं नाव भरायला विसरू नका, आणि घरात निदान एकाला तरी ते खातं दाखवून ठेवा.