पाण्यात किती वायू मावतो?

इफ्तारसाठी आणलेली सोड्याची बाटली फ्रिजबाहेर राहिली आणि मग उघडली, तर अर्धा सोडा दस्तरखानावर सांडतो. थंड बाटली मात्र शांतपणे उघडते. कारण साधे आहे : पाणी जितके गार, तितका जास्त कार्बन डायऑक्साइड ते धरून ठेवते. दाबाचेही तसेच. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, तर विरघळणारा वायूही जवळपास दुप्पट होतो. इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ साली हा नियम मांडला.

तो पडताळायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटचा ओटाही पुरतो. मुलांना सोबत घ्या. मेडिकलमधून ५० मिलिलिटरची, बिनसुईची सिरिंज आणा. उंच ग्लासात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यावर थोडा सिरका ओता. फेस बसला की ग्लासात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तो हवेपेक्षा जड आहे. ग्लासाला झाकण लावू नका. सिरिंजचे टोक सिरक्याच्या वर धरून २० मिलिलिटर वायू हळूच ओढा. मग त्यातच २० मिलिलिटर पाणी ओढा. टोक बोटाने बंद करून दोन मिनिटे जोरात हलवा. आता टोक पाण्यात बुडवून बोट काढा. विरघळलेल्या वायूची जागा घ्यायला पाणी आपोआप आत शिरते. उरलेला वायू २० मधून वजा करा. हेच तुमचे उत्तर.

२५ अंश तापमानाला, हवेच्या नेहमीच्या दाबाखाली, १ लिटर पाण्यात सुमारे पाऊण लिटर शुद्ध वायू मावतो. घरचा आकडा कमी येईल, कारण वायूत थोडी हवा मिसळलेली असते. मग हाच प्रयोग बर्फाच्या पाण्याने करा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

असेच मोजमाप, फार काटेकोरपणे, समुद्राचेही होते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात अरबी समुद्रातील हा वायू मोजला. पावसाळी वाऱ्यांमुळे खोल पाणी वर येते आणि त्यातला वायू हवेत निसटतो, उघडलेल्या बाटलीसारखाच. त्यामुळे आपला समुद्र एकंदरीत घेतो त्यापेक्षा जास्त वायू सोडतो.

जगातले सगळे समुद्र मिळून मात्र माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा शोषतात. विरघळलेल्या वायूचे पाण्यात सौम्य आम्ल होते. औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. फरक किरकोळ वाटतो, पण आम्लता त्यामुळे जवळपास पाव पटीहून अधिक वाढली. अशा पाण्यात शिंपल्यांना कवच बांधणे जड जाते. कोकणी घरांत आवडीने शिजणाऱ्या तिसऱ्यांचे कवचही त्याच चुनखडीचे असते. सिरिंजमधला आकडा वहीत लिहिताना मुलांना हेही जरूर सांगा.