आधी कोण? कंपायलरच्या रांगेत लूपचं काय होतं

दोन ऑप्टिमायझेशन चालू आहेत ना, मग त्यांतलं कुठलंही आधी झालं तरी शेवटी कोड तोच निघणार, असं अनेक अनुभवी प्रोग्रॅमरही खात्रीने सांगतात. बेरजेत आकडे मागेपुढे केले तरी उत्तर बदलत नाही, तसंच इथेही असेल असं ते धरून चालतात. लूपच्या बाबतीत हा समज सपशेल चुकीचा आहे.

सी भाषेतलं एक छोटं फंक्शन घेऊ. अ‍ॅरेतला प्रत्येक आकडा, 'क' हा पॉइंटर जिथे बोट दाखवतो तिथल्या आकड्याने गुणायचा आणि बेरीज करत जायची. लूप 'न' वेळा फिरतो. 'क'कडचा आकडा लूपभर बदलत नाही, तेव्हा तो मेमरीतून एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवावा, हे कुणालाही सुचेल. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात असं न बदलणारं काम लूपबाहेर काढणाऱ्या पासचं, म्हणजे टप्प्याचं, नाव एलआयसीएम. पण इथे तो अडतो, आणि योग्य कारणाने अडतो. 'न' शून्य असेल तर लूप एकदाही फिरत नाही. तेव्हा 'क'मध्ये नल आला असला तरी प्रोग्रॅम पूर्णपणे वैध असतो. वाचन सरळ लूपच्या आधी नेलं, तर हाच वैध प्रोग्रॅम कोसळेल.

ही कोंडी लूप रोटेशनचा पास फोडतो. लूपच्या माथ्यावरची अट तो तळाशी नेतो आणि सुरुवातीला 'न शून्यापेक्षा मोठा आहे का' एवढीच एक तपासणी ठेवतो. ती तपासणी ओलांडल्यावर, पण लूपमध्ये शिरण्याआधी, एक नवी जागा तयार होते. तिथे पोचलो म्हणजे लूप निदान एकदा फिरणार, हे नक्की. आता एलआयसीएम निर्धास्तपणे ते वाचन तिथे आणून ठेवतो. हा क्रम उलटा केला, एलआयसीएम पुन्हा चालवला नाही आणि दुसऱ्या कुठल्या पासनेही सावरून घेतलं नाही, तर एक कोटी फेऱ्यांच्या लूपमध्ये तेच वाचन एक कोटी वेळा होतं.

यातूनच दुसरा गैरसमज निकालात निघतो: एकच पास दोनदा चालवणं म्हणजे वेळेची उधळपट्टी. एलएलव्हीएमच्या ठरलेल्या रांगेत एलआयसीएम रोटेशनच्या आधीही येतो आणि नंतरही. रोटेशन करताना लूपच्या माथ्यावरचा कोड दुबार लिहावा लागतो. म्हणून पहिल्या फेरीत तो माथा हलका करून घ्यायचा आणि दुसऱ्या फेरीत, जागा तयार झाल्यावर, खरी कामगिरी करायची. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे.

लूप उलगडणं, म्हणजे अनरोलिंग, जितकं लवकर तितकं चांगलं, असंही मानलं जातं. वस्तुस्थिती अशी की वेक्टरायझर लूप शोधतो. समोर साधा, एक-एक पाऊल टाकणारा लूप असेल तर तो चार किंवा आठ फेऱ्यांचं काम एका सूचनेत बसवतो. तो लूप आधीच चारपट उलगडून ठेवला, तर त्याच्या हाती गुंतागुंतीचा कोड पडतो. म्हणून एलएलव्हीएममध्ये फक्त मोजक्या, ठाऊक फेऱ्यांचे लूप सुरुवातीलाच पूर्ण उलगडतात. उरलेल्या सरळ कोडची जुळणी करायला एसएलपी नावाचा वेगळा वेक्टरायझर असतो. अर्धवट उलगडण्याची पाळी मात्र मुख्य वेक्टरायझरनंतर येते.

'ओ-थ्री' हा ऑप्टिमायझेशनचा वरचा स्तर लावला की कोड वेगवान होणारच, हीही अशीच एक श्रद्धा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतले चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी 2013 मध्ये 'स्टॅबिलायझर' हे साधन वापरून काटेकोर मोजमाप केलं. त्यांनी तपासलेल्या एलएलव्हीएममध्ये 'ओ-टू'वरून 'ओ-थ्री'वर गेल्याने झालेला फरक यादृच्छिक गोंगाटापासून वेगळा काढता आला नाही.

मग सर्वांत उत्तम क्रम एकदाच शोधून का ठेवत नाहीत? दहा पास प्रत्येकी एकदाच चालवायचे म्हटले तरी 36,28,800 क्रम होतात, आणि पास पुन्हा चालवता येत असल्याने खरी संख्या याहून कितीतरी मोठी. राइस विद्यापीठात कीथ कूपर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये कोडचा आकार कमी करणारा क्रम शोधायला जेनेटिक अल्गोरिदम वापरला. सर्वोत्तम क्रमाचा हा प्रश्न सर्वसाधारण रूपात अनिर्णेय आहे, हे संशोधक तुआती आणि बार्तू यांनी 2006 मध्ये दाखवलं. म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना पुरेल असा एकच सर्वोत्तम क्रम मिळेल, ही आशाच सोडायला हवी. कंपायलरमधला क्रम हा अनुभवातून ठरलेला तडजोडीचा क्रम असतो.

क्रम बदलल्याने प्रोग्रॅमचं उत्तरच बदलेल, ही भीती मात्र बहुतांशी अनाठायी. पूर्णांकांचं उत्तर बदललं तर प्रोग्रॅमने भाषेचा नियम मोडलेला असतो किंवा कंपायलरमध्ये बग असतो. दशांश गणिताचे नियम सैल करणाऱ्या 'फास्ट-मॅथ'सारखी मुभा असेल तर दशांशातले अंक हलू शकतात, हा मुख्य अपवाद.

हे सारं स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरमध्ये प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या कार्यशाळांमध्ये एकेका पासनंतर जीसीसी कंपायलरने काढलेले डंप वाचायला शिकवलं जाई. एलएलव्हीएमवर आधारलेल्या क्लँग कंपायलरमध्येही 'प्रिंट-आफ्टर-ऑल' हा पर्याय प्रत्येक पासनंतरचा कोड छापून दाखवतो. वरचंच छोटं फंक्शन लिहा, ऑप्टिमायझेशन चालू ठेवून हा पर्याय लावा आणि 'क'चं वाचन नेमक्या कुठल्या पासनंतर लूपबाहेर पडतं ते एकदा शोधून पाहा.