दवाखान्यातील गैरप्रकार : सांगायचे कुणाला आणि कसे?

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. जवळच सावंगी मेघेचे मोठे रुग्णालय, काही किलोमीटरवर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. त्यामुळे या भागातल्या घरांत, नात्यागोत्यात कुणी ना कुणी दवाखान्यात कामाला असतेच. कुणी नर्स, कुणी ब्रदर, कुणी लॅबमध्ये, कुणी औषधांच्या काउंटरवर, तर कुणी ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामावर. आमच्या शाळेतून गेलेल्या कितीतरी मुली जीएनएम, डीएमएलटी करून नागपूर, अमरावती, पुण्यापर्यंत नोकरीला लागल्या आहेत. याचा आम्हाला आनंद आहे. पण या मुलामुलींना कामाच्या ठिकाणी काही चुकीचे दिसले तर त्यांनी काय करावे, हे आपण त्यांना कधी सांगत नाही. या लेखाचा रोख कोणत्याही एका रुग्णालयावर नाही. प्रश्न सगळीकडचा आहे.

आर्वीने काय शिकवले?

जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आर्वीचे नाव देशभर गाजले. तेरा वर्षांच्या एका मुलीचा बेकायदा गर्भपात झाल्याच्या तक्रारीवरून पोलीस एका खासगी रुग्णालयात पोहोचले. रुग्णालयाच्या आवारातल्या गोबर गॅसच्या खड्ड्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडे निघाल्याचे पोलिसांनी सांगितले. तिथल्या महिला डॉक्टरला अटक झाली.

न्यायनिवाडा न्यायालय करील. आम्हाला त्यातली एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवायची आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मानवी अवयव आणि गर्भ पिवळ्या पिशवीतच जायला हवेत. हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत असते. म्हणजे दवाखान्यात काही वावगे घडत असेल, तर ते सर्वांत आधी खालच्या पायरीवरच्या माणसाला दिसते. पण त्याच माणसाला नोकरी जाण्याची भीती सर्वांत जास्त असते आणि त्याचे ऐकणारे सर्वांत कमी असतात.

आणखी एक मुद्दा. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. इथे ‘आपल्याला काय करायचे’ म्हणण्याची मोकळीक कायद्याने ठेवलेलीच नाही.

ही गीबत आहे का?

मागे एका माजी विद्यार्थिनीने आम्हाला आपली अडचण सांगितली. ती दुसऱ्या गावी एका लहान खासगी दवाखान्यात नर्स होती. न दिलेली इंजेक्शने फाइलमध्ये ‘दिली’ म्हणून लिहायला तिला सांगितले जाई आणि त्याचे पैसे रुग्णाच्या बिलात लागत. घरी सांगितले तर आई म्हणाली, “अपने को क्या करना है बेटा, तू अपनी नोकरी देख.” तिच्या मनात दुसरीच शंका होती. ज्यांचे मीठ खातो त्यांच्याविषयी मागे बोलणे म्हणजे गीबत नाही का?

ही शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून स्पष्ट लिहितो. ज्याच्या हाती दाद देणे आहे त्याच्याकडे जुलमाची तक्रार करणे, चुकीचे काम थांबवण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे, हे प्रसंग इमाम नववींनी गीबतीतून वगळलेल्या सहा प्रसंगांत येतात. रुग्णाचा जीव आणि पैसा ही दवाखान्याच्या हाती दिलेली अमानत आहे. तिच्यात खयानत होत असेल तर गप्प राहण्याला शराफत म्हणता येत नाही. मात्र सूरह हुजुरातने गीबतीबरोबर दुसऱ्याच्या पाळतीवर राहण्यालाही मनाई केली आहे आणि बातमीची खातरजमा करायला सांगितले आहे. म्हणून कपाटे उचकू नका. आपल्या कामात जे समोर आले तेवढेच सांगा.

त्या मुलीने तारीखवार नोंदी केल्या आणि दवाखान्याच्या भागीदारांपैकी ज्येष्ठ डॉक्टरांना एकटीने भेटून त्या दाखवल्या. खोट्या नोंदी थांबल्या. पण तिच्या रात्रपाळ्या वाढल्या आणि चार महिन्यांनी तिने दुसरी नोकरी धरली. खरे बोलण्याची किंमत पडते, हे मुलांपासून लपवू नये.

निनावी आणि गोपनीय

बहुतेकांना वाटते, नाव न लिहिता पत्र टाकले की काम झाले. निनावी पत्रावर खुलासा विचारायचा तर विचारणार कुणाला? अशी पत्रे बहुधा फाइलमध्ये पडून राहतात. गोपनीय तक्रारीत नाव असते, पण ते एकाच जबाबदार व्यक्तीला माहीत असते.

हा फरक किती मोलाचा आहे ते सत्येंद्र दुबे यांच्या उदाहरणावरून कळते. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. पुढे न्यायालयात ती लुटीतून झालेली हत्या ठरली, पण नाव फुटल्याचा संताप देशभर उसळला. त्यातून २००४ मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारींचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. एम्स नागपूर किंवा रेल्वेचे रुग्णालय अशा केंद्राच्या संस्थांतला भ्रष्टाचार तिथे कळवता येतो. लिफाफा बंद असावा, वर जनहितार्थ तक्रार असल्याचे लिहावे, स्वतःचे नाव लिफाफ्यावर टाकू नये. नाव-पत्ता आत द्यावा, पण तक्रारीच्या मजकुरातून आपली ओळख उघड होऊ देऊ नये. निनावी तक्रार या ठरावाखाली घेतली जात नाही.

खासगी नोकरदाराला मात्र असे मजबूत संरक्षण नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो लागू झाला नाही आणि त्याचा भरही सरकारी सेवकांच्या गैरप्रकारांवरच आहे. त्यामुळे सावधपणा आपणच बाळगायचा.

कोणते दार ठोठवायचे?

मोठ्या रुग्णालयात आधी आतला मार्ग पाहावा : तक्रार कक्ष, नर्सिंग अधीक्षक, वैद्यकीय अधीक्षक. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच वरिष्ठ असतील तर बाहेरचे दार शोधावे.

लैंगिक छळाची तक्रार : दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. लहान दवाखान्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. तक्रारदार स्त्रीचे नाव जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे.

गर्भलिंग निदान : राज्यात १८००-२३३-४४७५ हा टोल फ्री क्रमांक आहे. खबर देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते आणि खबर खरी ठरली तर बक्षीसही मिळते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पैसे मागितले तर : १५५३८८.

सरकारी दवाखान्यात लाच मागितली तर : लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४.

धर्मादाय रुग्णालयाने गरिबांच्या खाटा नाकारल्या तर : धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

डॉक्टरच्या वर्तनाविषयी : महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. महाडचे विंचूदंशतज्ज्ञ डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल पुण्याच्या एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला नाही, परिषदेकडे तक्रार केली. सहकाऱ्यांचे अनैतिक वर्तन न घाबरता उघड करावे, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे.

हे जपा

पाहिलेली गोष्ट त्याच दिवशी लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, कोण हजर होते. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा. वही घरी ठेवा. दवाखान्याचा संगणक किंवा ईमेल वापरू नका. रुग्णाच्या फाइलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच टाकू नका. त्यात रुग्णाची गुप्तता मोडते आणि दोष उलट तुमच्यावर येतो. तक्रारीची पोच घ्या. सहकाऱ्यांत चर्चा करू नका. गुपित बहुतेक वेळा मैत्रिणीकडूनच फुटते.

घरच्यांनाही थोडे सांगायचे आहे. मुलीने किंवा सुनेने रात्री घरी येऊन अशी गोष्ट काढली, तर लगेच ‘गप्प बस’ म्हणू नका आणि मोहल्ल्यातही बोलू नका. तिचे पूर्ण ऐकून घ्या. नोकरी गेलीच तर तीन-चार महिने घर कसे चालेल, याचा हिशेब तिच्यासोबत बसून करा. पाठीशी घर आहे हे कळले की बोलायचे की नाही हे ती भीतीपोटी ठरवणार नाही, विचाराने ठरवील. आणि उद्या आपल्यापैकीच कुणी त्या खाटेवर असेल, तेव्हा तिथेही एखादी बोलणारी नर्स असावी असे आपल्याला वाटेलच.