फायलींची देवाणघेवाण आणि कूटबद्ध बोगदे: आडवाट कुठवर नेते?

इंटरनेटवरील एखादी सेवा बंद पडली किंवा संशयास्पदरीत्या मंदावली की ‘व्हीपीएन वापरून पाहा’ असा सल्ला हमखास दिला जातो. व्हीपीएन म्हणजे ग्राहकाचा संगणक आणि दूरवरचा एखादा सर्व्हर यांच्यामधील कूटबद्ध बोगदा. हा बोगदा नेमके काय लपवतो, काय लपवू शकत नाही आणि त्याच्या मोबदल्यात ग्राहक काय देऊन बसतो, हे समजून घेण्यासाठी २००७ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेले कॉमकास्ट प्रकरण आजही उपयुक्त ठरते.

जुन्या गाण्यांपासून सुरुवात

रॉब टोपोलस्की हे संगणक नेटवर्कचे जाणकार आणि ‘बार्बरशॉप’ या गायनप्रकाराचे चाहते. वाद्यांच्या साथीविना चार आवाजांत गायली जाणारी ही अमेरिकी शैली आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे या शैलीतील संगीत ते बिटटोरंटच्या साहाय्याने इतर रसिकांना उपलब्ध करून देऊ पाहत होते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीत मोठ्या फायलीचे लहान तुकडे केले जातात आणि ती उतरवून घेणारा प्रत्येक संगणक आपल्याजवळचे तुकडे इतरांनाही पुरवतो. टोपोलस्की यांच्या संगणकावरून मात्र हे तुकडे बाहेर जातच नव्हते.

त्यांनी संगणकात येणारी-जाणारी पॅकेट्स तपासली आणि मे २००७ मध्ये आपली निरीक्षणे जाहीर केली. त्यांची सेवापुरवठादार कंपनी कॉमकास्ट ही जोडणी मध्येच तोडत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतंत्र चाचणी घेतली. त्यासाठी तिने बायबलच्या ‘किंग जेम्स’ आवृत्तीची फाइल निवडली. हा ग्रंथ कोणीही मुक्तपणे वाटू शकतो. तीनपैकी दोन प्रयत्नांत फाइल पोहोचलीच नाही; तिसऱ्या वेळी तिचा प्रवास दहा मिनिटांच्या विलंबाने सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेच्या चाचण्यांतूनही हाच प्रकार दिसून आला.

खोट्या सहीचे पत्र

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेट्सच्या रूपाने प्रवास करते. टपालाच्या पाकिटाप्रमाणे प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि आत मजकूर असतो. दोन संगणकांमधील संभाषण ‘टीसीपी’ नियमांनुसार चालत असेल, तर त्यांपैकी कोणीही ‘रिसेट’ अशी खूण असलेले पॅकेट पाठवून ते तत्काळ संपवू शकतो. एखादा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर जुनी जोडणी मोडण्यासाठी ही सोय आहे.

कॉमकास्टने सँडवाइन या कंपनीची उपकरणे वापरून याच सोयीचा आधार घेतला. ही उपकरणे बिटटोरंटची वाहतूक ओळखत आणि दोन्ही बाजूंना परस्परांच्या नावे रिसेट पॅकेट्स धाडत. पोस्टमनने दोन पत्रमित्रांना एकमेकांच्या खोट्या सहीने ‘यापुढे पत्र पाठवू नये’ असे कळवावे, तसाच हा प्रकार होता. दोन्ही टोकांवरील नोंदी ताडून पाहिल्यावर तो उघड झाला. एका संगणकाला मिळालेले रिसेट पॅकेट दुसऱ्याने कधी पाठवलेलेच नव्हते.

कंपनीची अडचण काल्पनिक नव्हती. केबलद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटमध्ये एका वस्तीतील अनेक घरे एकच मार्गिका वापरतात आणि माहिती वर पाठवण्याची क्षमता खाली उतरवण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. काही घरे सतत फायली पुरवत राहिली, तर शेजाऱ्यांची गती घटू शकते. परंतु कंपनीने ग्राहकांना याची कल्पना दिली नव्हती. ‘आम्ही काहीही रोखत नाही’ अशी प्रथम घेतलेली भूमिका पुढे ‘काही वाहतूक विलंबाने पाठवली जाते’ येथवर बदलली.

बोगदा कसा काम करतो?

बिटटोरंट आज्ञावलींच्या निर्मात्यांनी २००६ च्या सुमारास आपल्या संभाषणालाच सांकेतिक आवरण चढवले होते. पॅकेटच्या आतील मजकूर त्यामुळे वाचता येईनासा झाला. तरीही एकाच वेळी कितीतरी अनोळखी संगणकांशी जोडणी होणे, माहितीचा ओघ सतत बाहेर वाहणे, अशा लक्षणांवरून वाहतुकीचा प्रकार ओळखता येत असे. चेहरा झाकला तरी चाल झाकली गेली नव्हती.

कूटबद्ध बोगदा ही चालही झाकतो. ग्राहकाच्या संगणकातून निघणारे प्रत्येक पॅकेट कूटबद्ध करून दुसऱ्या पॅकेटमध्ये बंद केले जाते. बाहेरच्या पाकिटावर पत्ता असतो तो केवळ बोगद्याच्या दुसऱ्या टोकाचा. तेथील सर्व्हर ते उघडतो आणि आतले पाकीट मूळ पत्त्यावर रवाना करतो. सेवापुरवठादाराला दिसते ती एकाच ठिकाणाशी चाललेली, अर्थ न लागणारी देवाणघेवाण. बोगद्याच्या आतील संभाषण त्याला वाचता येत नाही आणि त्यात खोटे रिसेट पॅकेटही घुसवता येत नाही.

ही साधने फायलींच्या देवाणघेवाणीसाठी जन्माला आलेली नाहीत. १९९५ मध्ये आलेली एसएसएच पद्धती दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करता यावे यासाठी होती. २००१ मधील ओपनव्हीपीएन आणि २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड या पुढच्या काळातील आज्ञावली होत. बँका, रुग्णालये, वृत्तसंस्था आणि घरून काम करणारे कर्मचारी यांचा दैनंदिन व्यवहार अशाच बोगद्यांतून चालतो.

बोगद्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा ही की बोगदा मजकूर लपवतो, अस्तित्व लपवत नाही. त्याचे दुसरे टोक कुठे आहे, त्यातून किती माहिती गेली आणि केव्हा गेली, हे सेवापुरवठादाराला दिसतच राहते. त्याने मनात आणले तर तो संपूर्ण बोगदाच मंद करू शकतो. शिवाय वस्तीची सामाईक मार्गिका खरोखरच तुंबलेली असेल, तर बोगद्यातील पॅकेट्सनाही त्याच रांगेत थांबावे लागते. निवडक अडवणुकीवर बोगदा हा उतारा आहे. अपुऱ्या क्षमतेवर नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बोगद्यामुळे विश्वासाची गरज संपत नाही, ती केवळ एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. पूर्वी ग्राहकाच्या हालचाली सेवापुरवठादाराला दिसत होत्या. आता त्या व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसतात. २०११ मध्ये ब्रिटनमधील एका व्हीपीएन सेवेने न्यायालयीन आदेशानुसार आपल्याकडील नोंदी तपासयंत्रणांच्या हवाली केल्या आणि अमेरिकेतील एका ग्राहकाला अटक झाली. विनामूल्य सेवा वापरताना तर तिचा खर्च कोण आणि कशाच्या बदल्यात भागवत आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी बाब कायद्याची. बोगद्यातून गेल्याने फायलीचे कायदेशीर स्वरूप बदलत नाही. स्वामित्वहक्क असलेला चित्रपट विनापरवाना वाटणे हे भारतात स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार बोगद्याबाहेर जसा अपराध आहे, तसाच बोगद्याच्या आतही.

प्रकरण मिटले कसे?

कॉमकास्ट प्रकरणाचा शेवट बोगद्यांमुळे झाला नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या संस्थांनी अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाकडे तक्रार केली. १ ऑगस्ट २००८ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीविरुद्ध निर्णय दिला. गर्दी असो वा नसो, कंपनी विशिष्ट वाहतुकीतच हस्तक्षेप करत होती, असा ठपका आयोगाने ठेवला. दंड मात्र केला नाही. २००८ च्या अखेरीपर्यंत कंपनीने पद्धत बदलली. त्यानंतर गर्दीच्या वेळी, कोणती आज्ञावली वापरली जात आहे हे न पाहता, सर्वाधिक वापर करणाऱ्यांना तात्पुरते मागे ठेवले जाऊ लागले. अडचण तीच होती. उपाय मात्र उघड आणि सर्वांना समान झाला.

आयोगाचा तो आदेश ६ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला. त्यानंतर अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे नियम अनेकदा आले आणि गेले. २०२४ मध्ये पुन्हा लागू केलेले नियमही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्दबातल ठरवले.

भारतातील स्थिती

भारतानेही अडवणुकीचा असा अनुभव घेतला आहे. एका तमिळ चित्रपटाच्या अनधिकृत प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाच्या आधारे मे २०१२ मध्ये काही सेवापुरवठादारांनी संपूर्ण संकेतस्थळेच बंद केली. त्यांत व्हिमिओसारखी चित्रफितींची वैध सेवाही होती. आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच मर्यादित असल्याचे न्यायालयाने जून २०१२ मध्ये स्पष्ट केले. पुढे जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे स्वीकारली. वाजवी वाहतूक-व्यवस्थापनासारखे अपवाद वगळता, मजकूर पाहून तो रोखणे किंवा मंद करणे सेवापुरवठादारांना त्यानुसार वर्ज्य ठरले.

भारतात व्हीपीएनच्या वापरावर देशव्यापी बंदी नाही. मात्र जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती मनाई केली आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकांचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक आदी तपशील किमान पाच वर्षे जपून ठेवावयाचे आहेत. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळण्यात आले. या निर्देशांनंतर काही परदेशी सेवांनी भारतातील आपले सर्व्हर हटवले.

ग्राहकाने काय करावे?

जोडणी मंदावली की थेट बोगद्याकडे वळण्यापूर्वी मोजमाप करणे श्रेयस्कर. एकच फाइल बोगद्याविना आणि बोगद्यातून, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी पाठवून लागलेला वेळ टिपून ठेवावा. बोगद्यातून गती सातत्याने वाढत असेल, तर निवडक अडवणुकीचा संशय बळावतो. तो सिद्ध होतो असे मात्र नाही, कारण मार्ग बदलल्यानेही गती बदलू शकते. दोन्हीकडे सारखीच मंदगती असेल, तर कारण बहुधा गर्दीचे किंवा अपुऱ्या क्षमतेचे असते. अशा नोंदी हाती असल्या तर सेवापुरवठादाराकडे नेमकी तक्रार करता येते.

टोपोलस्की यांनी केवळ बोगदा वापरला असता, तर त्यांची गाणी कदाचित पोहोचली असती. पण इतर ग्राहकांच्या जोडण्या तशाच तुटत राहिल्या असत्या आणि त्यामागचे कारण त्यांना कळलेही नसते. त्यांनी पॅकेट्स मोजली, निष्कर्ष सर्वांसमोर ठेवला आणि इतरांना तो पडताळून पाहता आला. बोगदा एका माणसाला वाट काढून देतो. वाट सर्वांसाठी मोकळी व्हायची तर अडथळा आधी दिसावा लागतो.