‘बारडोली’ : शब्द एक, अर्थ तीन

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्तींच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. मात्र अपरिचित ओळ समोर आली की ते अडखळतात. ‘गंगेवर गौळवाडा’ हे परंपरागत उदाहरण अचूक असले, तरी आज गौळवाडा कोणी पाहिला आहे? त्यापेक्षा गुजरातमधील बारडोली अधिक उपयोगी पडेल.

‘बारडोली सुरत जिल्ह्यात आहे’ या वाक्यातील सरळ अर्थ हा वाच्यार्थ. तो देणारी शक्ती अभिधा.

‘१९२८ मध्ये बारडोली झुकली नाही’ असे म्हटले की मूळ अर्थाला बाध येतो, कारण गाव झुकत नसते. २२ टक्के वाढीव शेतसारा नाकारणारे आणि जप्तीला न डगमगणारे त्या तालुक्यातील शेतकरी, असा मूळ अर्थाशी संबंधित दुसरा अर्थ आपण घेतो. ही लक्षणा. मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन, या तिच्या तीन अटी. ‘पर्वरीने विधेयक संमत केले’ हे वाचताना गोमंतकीय वाचक विधानसभा समजतो, तो रूढीमुळे. याच लढ्यात वल्लभभाईंना ‘सरदार’ ही उपाधी मिळाली. हाताशी सैन्य नसलेल्या नेत्याला सरदार म्हणणे ही साम्यावर आधारलेली, म्हणजेच गौणी लक्षणा होय. रूपक अलंकाराचे मूळही तिच्यातच आहे.

व्यंजना याहून सूक्ष्म. ‘मी बारडोलीहून आलो आहे’ या वाक्यात मुख्यार्थाला कोठेही बाध नाही. चौरीचौरातील हिंसाचारानंतर काँग्रेस कार्यकारिणीने फेब्रुवारी १९२२ मध्ये बारडोली येथेच सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. त्या वेळी एखाद्या निराश कार्यकर्त्याने हे वाक्य उच्चारले असते, तर त्यातून खंत सूचित झाली असती. ऑगस्ट १९२८ मध्ये सरकारने चौकशी मान्य केल्यावर तेच वाक्य अभिमान सुचवते. शब्द तेच, वाच्यार्थही तोच. प्रसंग तेवढा बदलला. हा सूचित अर्थ म्हणजे व्यंग्यार्थ. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात अशा सूचित अर्थाला, म्हणजेच ध्वनीला, काव्याचा आत्मा मानले.

उत्तरपत्रिकेत ‘येथे व्यंजना आहे’ एवढेच लिहून थांबू नये. वक्ता कोण, श्रोता कोण आणि प्रसंग कोणता, हे आधी सांगावे. मगच व्यंग्यार्थ लिहावा.